जरा आणि उपचार : वृद्धवैद्यकाच्या इतिहासातील काही पाने



मी जन्मभर मराठी शिकविली. वैद्यकाशी माझा संबंध आला तो केवळ रुग्ण म्हणून, आणि सत्तरी ओलांडल्यावर तो अधिकच दृढ झाला. अशा माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी वृद्धवैद्यकाचा इतिहास निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु भाषेच्या अभ्यासकाला या विषयात शिरण्यासाठी एक वाट मोकळी आहे. आपल्या घराघरांतून रोज उच्चारले जाणारे एक वाक्य, हीच ती वाट. आजी चार दिवस नीट जेवत नाही. आपण म्हणतो, 'आता वय झालं.' आजोबा न्हाणीघरात दुसऱ्यांदा पडतात. शेजारी म्हणतात, 'वय झालं.' हाक मारली तर ऐकू येत नाही, नातवाचे नाव आठवत नाही, रात्री अंथरूण ओले होते; उत्तर तेच. या वाक्यात माया असते, समजूतदारपणाही असतो. पण ते एकदा उच्चारले गेले की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिशीतला तरुण महिन्यात दोनदा चक्कर येऊन पडला, तर त्याच दिवशी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. पंचाहत्तरीतल्या माणसाच्या पडण्याचे कारण मात्र त्याच्या जन्मतारखेत शोधले जाते.

या वाक्याला निदान मानण्याचे ज्यांनी नाकारले, अशा काही वैद्यांची हकिकत आज सांगावयाची आहे. त्यांतील एक न्यूयॉर्कचे, एक लंडनच्या, आणि एक आपल्या अगदी शेजारी, शहापुरात शिकलेले.

आपल्या परंपरेत या विषयाला स्थान नव्हते असे नाही. आयुर्वेदाची जी आठ अंगे सांगितली जातात, त्यांतील एका अंगाला वाग्भटाने 'जरा' हेच नाव दिले आहे. इतरत्र त्याला रसायनतंत्र म्हणतात. बालकांसाठी एक अंग आणि वार्धक्यासाठी एक अंग अशी विभागणी इतक्या पूर्वी झाली होती, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अभिमानाच्या भरात एक फरक नजरेआड होतो. रसायनाचा रोख जरा टाळण्याकडे, निदान लांबणीवर टाकण्याकडे आहे. वृद्ध च्यवन ऋषींना पुन्हा तारुण्य लाभले ही त्यामागची कथा, आणि तीच आजही बरणीतून आपल्या घरी येते. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी पंचाहत्तरी उलटल्यावर कायाकल्पाचा प्रयोग स्वतःवर करून घेतला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली होती. प्रयोगानंतर मालवीयजी आठ वर्षे जगले, पण तरुण काही झाले नाहीत. जिच्या खुब्याचे हाड मोडले आहे, जिच्या पाठीला अंथरुणाच्या जखमा झाल्या आहेत, अशा म्हातारीला पुन्हा उभे कसे करावे, हा निराळा प्रश्न आहे. रसायनग्रंथांचा तो मुख्य विषय नव्हे.

आणि निराधार वृद्धांना छप्पर देणे म्हणजे त्यांच्यावर उपचार करणे, असेही नव्हे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात निराधारांसाठी जो आश्रम उभा राहिला, तो 'निवारा' या नावाने आजही चालू आहे. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. अन्न, वस्त्र, अंथरूण मिळाले. पण 'या बाईंना चालता का येत नाही?' असे विचारणे हे आश्रमाचे काम मानले जात नव्हते, येथे नव्हते आणि विलायतेतही नव्हते.

तो प्रश्न प्रथम ठळकपणे मांडणाऱ्यांत इग्नाट्झ लिओ नाशर हे एक नाव आहे. जन्म १८६३ सालचा, व्हिएन्नाचा. वैद्यकीचे क्षेत्र न्यूयॉर्क. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक हकिकत अशी. विद्यार्थिदशेत ते आपल्या शिक्षकांबरोबर एका दरिद्री-आश्रमात गेले होते. एक म्हातारी आपली दुखणी सांगत पुढे आली. शिक्षकांनी लक्ष दिले नाही. तिला काय झाले आहे, असे नाशर यांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की तिला म्हातारपण झाले आहे. आणि त्यावर करण्यासारखे काही नाही. 'वय झालं' हे वाक्य केवळ मराठी नाही, हे यावरून ध्यानात येईल. नाशर यांच्या मनात हे उत्तर सलत राहिले. १९०९ साली त्यांनी एका लेखातून 'जेरियाट्रिक्स' हा शब्द घडविला आणि १९१४ साली त्याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बालरोगशास्त्र जसे स्वतंत्र आहे, तसे वार्धक्याचेही स्वतंत्र शास्त्र हवे, हा त्यांचा युक्तिवाद होता. म्हातारपण ही आयुष्याची एक अवस्था आहे आणि त्या अवस्थेत होणारे रोग वेगळे ओळखले पाहिजेत, असे ते सांगत.

येथे भाषाशिक्षकाला क्षणभर थांबण्याची मुभा असावी. नाशर यांनी हा शब्द ग्रीकमधून घेतला. ग्रीक 'गेरास' म्हणजे वार्धक्य. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा ग्रीक शब्द आणि आपला संस्कृत 'जरा' हे एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत. म्हणजे न्यूयॉर्कच्या डॉक्टरने नव्याने घडविलेला शब्द आणि वाग्भटाचा शब्द हे दूरचे भाऊबंद निघाले!

शब्द मिळाला, तरी कार्य मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे गेली. ते लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात घडले, आणि ते एका स्त्रीने केले. डॉ. मार्जरी वॉरेन यांचा जन्म १८९७ चा. १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९२६ साली या रुग्णालयात रुजू झाल्या. त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. १९३५ साली शेजारचे गरीबखान्याचे रुग्णालय या रुग्णालयाला जोडण्यात आले, आणि तेथील ७१४ रुग्णांची जबाबदारी वॉरेन यांच्याकडे आली. इंग्लंडात दारिद्र्य-कायद्याखाली चालणारी ही गरीबखान्यांची रुग्णालये म्हणजे वैद्यकाची अडगळीची खोली होती. ज्यांच्यावर मोठ्या रुग्णालयांना वेळ घालविण्यात रस नव्हता, असे सर्व जण तेथे येऊन पडत. अर्धांगवायू झालेले, हाड मोडलेले, स्मृती गेलेले, आणि ज्यांना केवळ घर नव्हते असेही, एकाच दालनात शेजारीशेजारी खिळलेले. कित्येकांना वर्षानुवर्षे कोणी तपासलेच नव्हते.

वॉरेन यांनी केलेली पहिली गोष्ट सांगण्यास अगदी साधी आहे. त्यांनी प्रत्येकाला तपासले. सातशेहून अधिक माणसे, एकेक करून. मग त्यांचे गट पाडले : चालता येणारे, आधाराने चालू शकणारे, अंथरुणावरचे, मलमूत्रावर ताबा नसलेले, मनाचा गोंधळ झालेले. या वर्गवारीतून जे दिसले ते धक्कादायक होते. अनेकांना अंथरुणाला खिळविणारा रोग अंथरूण हाच होता! अर्धांगवायूचा झटका आला म्हणून निजविले. निजविले म्हणून स्नायू गळाले, सांधे आखडले. सांधे आखडले म्हणून उठता येईना. आणि उठता येत नाही म्हणून निजविले. हे चक्र कोठे तरी तोडावयाचे होते. वॉरेन यांनी ते अंथरुणापाशीच तोडले. रुग्णांना उठवून खुर्चीत बसविले, धरून उभे केले, व्यायाम दिले. दालनांत उजेड आणि रंग आणला, धरण्यासाठी कठडे बसविले. परिचारिका, व्यायामोपचार करणारे, समाजसेविका या सर्वांनी एका रुग्णाचा विचार एकत्र बसून करावा, ही पद्धत पाडली. एका बाजूची शक्ती गेलेली माणसे चालू लागली. कित्येक आपल्या घरी परतली. काही वर्षांत अशा दीर्घकालीन रुग्णांच्या खाटा ७१४ वरून २४० वर आल्या.

१९४३ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून आपले म्हणणे मांडले. वृद्धांचे विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच असले पाहिजेत, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तेथे शिकविले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. वृद्धांना दूर कोठे तरी शांत जागी ठेवावे, ही कल्पना वरून कनवाळू दिसते; पण क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळा आणि हुशार तरुण डॉक्टर हे सर्व शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असतात. म्हाताऱ्या माणसाला तेथून दूर नेणे म्हणजे त्याला निदानापासून दूर नेणे होय. १९४७ साली ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेली डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि ही शाखा तिच्यात रुजली. १९६५ साली ग्लासगो विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. वॉरेन यांना ते पाहता आले नाही. १९६० साली परदेशप्रवासात मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला.

पुढे ग्लासगोचे डॉ. बर्नार्ड आयझॅक्स यांनी वार्धक्यातील चार 'राक्षस' सांगितले : हालचाल थांबणे, तोल जाऊन पडणे, मलमूत्रावरचा ताबा सुटणे आणि बुद्धी मंदावणे. ही चारही नावे रोगांची नाहीत. दारात उभ्या राहिलेल्या दुखण्याच्या खुणा आहेत. त्यांच्या मागे कोण आहे, ते शोधावे लागते. म्हातारा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर मागे लघवीचा साधा जंतुसंसर्ग असू शकतो; ताप येत नाही म्हणून तो कोणाला सुचत नाही. विसराळूपणामागे कंठग्रंथीचा स्राव कमी पडणे असू शकते. वारंवार पडण्यामागे रक्तदाबाच्या गोळीची मात्रा जास्त होणे असू शकते. बहिरेपणामागे तर कधीकधी केवळ कानातला मळ असतो! 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्या कोणी केली, त्याने बहुधा ही तपासणी केलेली नसावी.

हे झाले विलायतेचे. त्याच काळी आपल्याकडे काय होते? मुळात म्हातारी माणसे थोडी होती. १९५१ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशभरात सुमारे २ कोटी भरली. २०११ च्या जनगणनेत ती १० कोटींहून अधिक झाली. पटकी, देवी, क्षय, बाळंतपण यांतून जो निसटे, तोच म्हातारा होई. डॉक्टर मंडळींचे सारे बळ त्या मोठ्या शत्रूंशी लढण्यात खर्ची पडत होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण वार्धक्याचे एक दुखणे असे होते की जे गावोगाव, उंबऱ्याउंबऱ्यावर बसलेले दिसे, आणि ज्यावर खात्रीचा उपाय होता. ते म्हणजे मोतीबिंदू.

या दुखण्यापाशी शहापूरचा संबंध येतो. डॉ. मुरिगेप्पा चन्नवीरप्पा मोदी हे मूळचे विजापूरकडील बिळगीचे. आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात आहे. त्यांचे वैद्यकीय शिक्षण शहापूरच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात झाले. वडगावच्या श्रोत्यांना ती वास्तू कोठे आहे हे सांगावयास नको. आयुर्वेदाच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे शस्त्र हाती घेऊन नेत्रशल्यविशारद झाला, याचे नवल वाटते. परंतु मोतीबिंदूवर सुईने करावयाची क्रिया सुश्रुताने वर्णिली आहे, हे आठवले की तितकेसे वाटत नाही. सुश्रुताच्या परंपरेतली ती क्रिया, म्हणजे गढूळ झालेले भिंग सुईने डोळ्यात मागे ढकलून देणे, पुढे गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती गेली. 'मोतीबिंदू पाडणे' हा आपला वाक्प्रचार तेथलाच असावा. क्षणभर उजेड दिसे, पैसे घेऊन फिरस्ता पुढच्या गावी जाई, आणि मागे कित्येक डोळे सुजून कायमचे जात.

मोदींनी गावोगाव फिरण्याची ती रीत घेतली आणि तिच्यात नवे शास्त्र घातले. १९४३ पासून त्यांनी सामुदायिक नेत्रशिबिरे सुरू केली. बसने, आगगाडीने ते गावी जात. शिबिरासाठी जागा म्हणजे बहुधा शाळा किंवा धर्मशाळा. बाके बाहेर काढायची, वर्ग धुवायचे, जमिनीवर ओळीने अंथरुणे घालायची. साहाय्यकांनी रुग्णांची तयारी करावयाची आणि डॉक्टरांनी एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे जात शस्त्रक्रिया करावयाच्या. गिनेस बुकातील नोंदीप्रमाणे त्यांनी एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्या. १९९३ च्या फेब्रुवारीपर्यंत ते ४६,१२० खेड्यांत पोहोचले होते आणि ६,१०,५६४ शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या होत्या. १९५६ साली त्यांना पद्मश्री आणि १९६८ साली पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. बंगळूरमध्ये त्यांच्या नावाचे नेत्ररुग्णालय उभे राहिले. २००५ साली ते निवर्तले.

विक्रमाच्या आकड्यांविषयी मला थोडी भीती वाटते. ८३३ ही संख्या वाचली की डॉक्टर दिसतात, त्या मेजांवरची माणसे दिसत नाहीत. ती कोण होती? वडगाव-शहापूर ही मागांची वस्ती. विणकराची नजर धूसर झाली की तुटलेला धागा सापडत नाही, मग मागावरून उठावे लागते. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायका हजारी मजुरीवर काम करतात. पान कातरणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे हे डोळ्यांचे आणि बोटांचे काम आहे. ज्या घरात म्हातारीच्या चार विड्यांवर तिचा स्वतःचा चहा-पान-सुपारीचा खर्च चालतो, त्या घरात तिची दृष्टी गेली म्हणजे तिचा स्वाभिमान गेला. आणि अशा घरी 'डोळ्यानं दिसत नाही, वय झालं' असे म्हटले जाई ते निष्ठुरपणाने नव्हे. उपाय आहे हे माहीत नसे, आणि माहीत असले तरी बेळगावच्या रुग्णालयात न्यायला एका कमावत्या माणसाचा आठवडा मोडावा लागे. मोदींनी रुग्णालयच गावी नेले. त्यांचे मोठेपण मला वेगापेक्षा या समजुतीत दिसते.

त्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस माझ्या पिढीने पाहिले आहेत. पट्टी बांधून दिवसचे दिवस उताणे निजायचे, मान हलवायची नाही, खोकायचे नाही. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा! गढूळ भिंग काढून टाकले, पण त्या जागी डोळ्यात दुसरे काही बसविलेले नसे; ते काम चष्म्याने करावयाचे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची कल्पना हॅरल्ड रिडले यांनी १९४९ सालीच लंडनमध्ये अमलात आणली होती. युद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचछताचे प्लास्टिकचे कण घुसले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या पाहण्यात आले होते. पण ते भिंग आपल्या खेड्यांपर्यंत येण्यास पुढची चाळीस-पन्नास वर्षे लागली. १९९० नंतर ते सर्वत्र होऊ लागले, आणि त्याबरोबर शाळेच्या वर्गातील शस्त्रक्रिया मागे पडली. शिबिरात तपासावे आणि शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयातच करावी, हे धोरण आले. ते योग्यच आहे. वर्गखोलीत जंतुसंसर्गाचा धोका किती असतो, आणि शिबिर उठून गेल्यावर दुखऱ्या डोळ्याकडे कोण पाहतो, हे प्रश्न खरेच होते.

नेत्रशल्यविशारदाला वृद्धवैद्य म्हणावे काय? शास्त्राच्या काटेकोर अर्थाने नाही. पण वॉरेन आणि मोदी यांच्यात मला एक नाते दिसते. एकीने प्रत्येक खाटेपाशी जाऊन, दुसऱ्याने प्रत्येक गावी जाऊन तपासले. दोघांनाही असे आढळले की 'वय' म्हणून सोडून दिलेल्यांतील फार मोठा भाग बरा होण्यासारखा होता.

मोतीबिंदू हटला, पण आयझॅक्स यांचे चार राक्षस उरले. भारतात त्यांच्याकडे पद्धतशीर लक्ष देण्यास मद्रासमध्ये प्रारंभ झाला. तेथील सरकारी रुग्णालयात १९७८ साली वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग निघाला. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी तो नेटाने चालविला, आणि १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. केंद्र सरकारचे वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ चे, आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा, आणि वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ चा. या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि व्यायामोपचार यांची तरतूद आहे. वॉरेन यांचे १९४३ चे म्हणणे इतक्या वर्षांनी आमच्या सरकारी कागदावर आले. आपल्या परिसरात बामणवाडीच्या 'शांताई'सारख्या वृद्धाश्रमांनी निराधारांना आपुलकीचे घर दिले आहे. पण घर आणि निदान या दोन गोष्टी पुण्याच्या आश्रमाच्या काळी वेगळ्या होत्या, तशा आजही आहेत.

सीमाभागातील वृद्धांविषयी एक गोष्ट भाषेचा शिक्षक म्हणून सांगितली पाहिजे. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आज पंच्याऐंशीच्या पुढे असलेल्यांचे प्राथमिक शिक्षण, झाले असेल तर, त्यापूर्वीचे आहे. त्यांतील पुष्कळ जण बाजारात कानडी आणि घरी मराठी, किंवा उलट, सहज बोलत आले. स्मृतिभ्रंशात अनेकदा असे होते की नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची भाषा मागे उरते. डॉक्टरांनी एका भाषेत विचारावे आणि आजीने गप्प राहावे. ती गप्प राहिली म्हणजे बुद्धी गेली असे लिहिले जावे, हा धोका येथे खरा आहे.

स्मरणशक्ती तपासण्याची जी प्रश्नावली जगभर चालते, ती अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. तीत आजची तारीख विचारतात, वजाबाकी करावयास सांगतात, एक वाक्य लिहावयास सांगतात. जिने कधी पाटीवर अक्षर गिरविले नाही, ती निरोगी आजीही त्यात नापास होईल. १९९० नंतर हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी संशोधकांनी तिचे हिंदी रूप तयार केले, तेव्हा त्यांना हे जाणवले. वाक्य लिहावयास सांगण्याऐवजी त्यांनी विचारले, 'तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा.' वडगावात किंवा निपाणीत हाच प्रश्न विचारावयाचा झाला, तर तो मराठीत विचारावा की कानडीत, हे डॉक्टरांनी आधी आजीच्या सुनेला विचारून घ्यावे.